शेवटचा डोस कुणाच्या भरवशावर?

लसीकरणाचे कार्ड हातात आले की माझी नजर आधी त्याच्या तळाशी जाते. वरच्या ओळी बहुधा भरलेल्याच असतात. जन्मानंतर लगेच दिलेली क्षयरोगावरची बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी आणि मग सहाव्या आठवड्याचे रकाने, तेही तारीख-सहीनिशी नीट. दहाव्या आठवड्याच्या रकान्यात उशिराची तारीख दिसू लागते, चौदाव्या आठवड्याची त्याहून उशिराची असते आणि नवव्या महिन्यापासून पुढचे रकाने पुष्कळदा कोरेच राहिलेले असतात. लसीकरणाच्या सत्रांत नोंदणीच्या टेबलाशी बसून मला आता बरीच वर्षे झाली. वरून खाली विरळ होत जाणारी ही नोंद त्या बाळाच्या घराविषयी जे सांगते, ते त्या घरातले माणूस समोर बसूनही सहसा सांगत नाही.

असे कार्ड पाहून "लोकांना लसीचे महत्त्वच कळत नाही" असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. ज्या घराला लस मान्यच नाही, त्या घरातल्या बाळाचे कार्ड बहुधा सुरूच झालेले नसते. अर्धवट कार्ड असते ते एकदा विश्वास ठेवलेल्या घराचे. त्या घरातले कुणीतरी बाळाला घेऊन रांगेत उभे राहिले, बाळाचे रडणे सोसले, पुढची तारीख लिहून घेतली आणि त्यानंतर कुठेतरी ते घर अडले. ते कुठे आणि कशाने अडले, हा प्रश्न मला लसविरोधाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटतो. माझे मत असे झाले आहे की पहिला डोस एकट्या आईच्या उमेदीवरही पार पडतो. शेवटच्या डोसापर्यंत पोहोचायला मात्र घरातल्या आणखी कुणाचा तरी हात लागावा लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू केला, तेव्हा विकसनशील देशांतील ५ टक्क्यांहूनही कमी बालकांना घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरच्या त्रिगुणी लसीचे तिन्ही डोस मिळत होते. २०२३ साली जगभरात हे प्रमाण ८४ टक्के होते. अर्ध्या शतकात एवढी मजल मारली गेली, याचा अभिमान वाटतोच. पण त्याच २०२३ साली सुमारे १ कोटी ४५ लाख बालकांना या लसीचा एकही डोस मिळाला नाही आणि आणखी सुमारे ६५ लाख बालकांना काही डोस मिळूनही ती तिसऱ्यापर्यंत पोहोचली नाहीत. चर्चा अधिक होते ती पहिल्या आकड्याची, आणि ती व्हायलाच हवी. माझे मन मात्र त्या ६५ लाखांपाशी घोटाळते, कारण ती बालके एकदा लसीकरणाच्या खोलीत येऊन गेलेली होती.

गोवराच्या बाबतीत ही गळती फार महागात पडते. त्या वर्षी गोवराच्या लसीचा पहिला डोस जगातील ८३ टक्के बालकांना मिळाला, तर दुसरा ७४ टक्क्यांना. प्रतिकारशक्ती कुणालाच नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, म्हणून साथ रोखायची तर सुमारे ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. नवव्या महिन्यात दिलेल्या एका डोसाने साधारण ८५ टक्के मुलांना संरक्षण मिळते, कारण त्या वयात आईकडून आलेली प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारी रक्तातली द्रव्ये, अजून काही बाळांच्या अंगात असतात आणि ती लसीच्या आड येतात. उरलेली मुले दुसऱ्या डोसाच्या भरवशावर असतात. "एक दिला आहे की, झाले!" असे म्हणणाऱ्या घराला हे कुणीतरी स्वस्थपणे समजावून सांगितलेले असतेच असे नाही.

केंद्र किती लांब आहे, लसींचा साठा आहे का, लसी सतत थंड ठेवणारी शीतसाखळी नीट आहे का, या गोष्टींचा परिणाम मोठा आहे आणि तो मोजताही येतो. तरीही एकाच केंद्रावर येणाऱ्या, सारख्याच मिळकतीच्या, शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाचे कार्ड पूर्ण असते आणि दुसऱ्याचे अर्धवट. हा फरक उंबऱ्याच्या आत घडतो.

"घरी विचारून सांगते" हे वाक्य मी या टेबलाशी जितके ऐकले, तितके दुसरे कोणतेही ऐकले नसेल. एका तरुण आईची आठवण आजही ताजी आहे. बाळ साडेतीन महिन्यांचे, अंगाने चांगले भरलेले. आज दोन सुया आणि तोंडावाटे थेंब द्यायचे आहेत, असे सिस्टरने सांगताच ती थबकली. "एकच द्या ना आज. एवढ्याशा जिवाला दोन-दोन सुया टोचल्या म्हणून घरी बोलतील." एकाच दिवशी एकाहून अधिक लसी देणे सुरक्षित असते, बाळाला दोनदा रडवण्यापेक्षा एकदाच रडू द्यावे, हे सिस्टरने न चिडता समजावले. तिने ते नीट ऐकले आणि तिला ते पटलेही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तिची अडचण निराळीच होती. तिने नवऱ्याला फोन लावला. "आईला विचार," एवढेच बोलून त्याने ठेवला. सासूबाईंनी फोन उचलला नाही. तिने आणखी एकदा लावून पाहिला, मग बाळाच्या मांडीवरून हात फिरवत म्हणाली, "आज एकच द्या. दुसरी पुढच्या वेळी नक्की घेते." ती पुन्हा आली तेव्हा बाळ चालायला लागले होते.

बाळाला आणायचे आईने, परवानगी द्यायची दुसऱ्याने, त्या दिवशीचे घरकाम सांभाळायचे तिसऱ्याने, आणि डोस चुकला की बोल लागायचा तो पुन्हा आईलाच, अशी वाटणी असंख्य घरांत असते. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातील माहितीवरून दाखवून दिले की आईच्या शिक्षणाचा मुलांच्या जगण्याशी असलेला संबंध केवळ घरच्या सुबत्तेतून उलगडत नाही. त्यांच्या मांडणीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे शिक्षणाने आईचे घरातले स्थान पालटते हे त्यांचे निरीक्षण. शिकलेली आई आजारी मुलाबाबत स्वतः निर्णय घेते, वडीलधाऱ्यांच्या होकारासाठी थांबत नाही, दवाखान्यात गेल्यावर प्रश्न विचारते आणि तिथली माणसेही तिचे ऐकून घेतात. आईचे शिक्षण आणि पूर्ण लसीकरण यांचा संबंध त्यानंतर देशोदेशींच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. तो वाचून "मुली शिकल्या की सगळे होईल" असा निष्कर्ष लोक काढतात. मला त्यात अर्धाच भाग दिसतो, कारण पदवीधर असूनही "विचारून सांगते" म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत आणि अक्षरओळख नसूनही घरात जिचा शब्द चालतो, अशा बाईची मुले सगळे डोस वेळेवर घेऊन गेलेलीही पाहिली आहेत.

यावरून सगळे खापर घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर फोडायचे, तर तो मोठा अन्याय होईल. मला ठाऊक असलेल्या सर्वांत चोख नोंदी एका आजींच्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. तीन नातवंडांची तीन कार्डे त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणत, टेबलावर ओळीने मांडत आणि कोणत्या नातवंडाचे काय राहिले आहे, हे मी कार्ड उघडायच्या आत सांगत. त्यांचा धाकटा भाऊ लहानपणी घटसर्पाने गेला होता. घशात पडदा धरतो म्हणजे काय आणि श्वासासाठी तडफडणारे मूल कसे दिसते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांच्या सुनेने ते पाहिलेले नाही, तिच्या मुलीला तर घटसर्प हा शब्दही कदाचित माहीत असणार नाही. लसीने रोग दूर सारला आणि रोगाबरोबर त्याची धास्तीही घरातून निघून गेली. ज्या घरात अशी एखादी आठवण अजून बोलली जाते, त्या घराला आमच्या पोस्टरची फारशी गरज नसते. तशी आजी घरात असेल तर तिला सत्राला घेऊन या, असे मी आयांना आवर्जून सांगते.

बरीच कार्डे अडतात ती मात्र पहिल्या डोसानंतरच्या रात्रीपाशी. डांग्या खोकल्याच्या मृत जंतूंच्या संपूर्ण पेशी ज्या मिश्र लसीत असतात, ती घेतल्यावर बऱ्याच बाळांना ताप येतो, मांडी सुजते, बाळ किरकिरते आणि एक-दोन दिवसांत हे सारे ओसरते. सिस्टर हे सांगतात, पण रांग लांब असते. ते सांगणे अर्ध्या मिनिटात उरकते आणि ऐकणारी असते एकटी आई, तीही रडणाऱ्या बाळाला छातीशी धरून. रात्री दोन वाजता बाळ तापाने फणफणते तेव्हा जागे होते सगळे घर, आणि या घराला कुणीच काही सांगितलेले नसते. हसते-खेळते मूल सकाळी नेले आणि तापात घालून आणले, असा शेरा कुणीतरी मारतो. त्यावर आईकडे उत्तर असते, पण रात्री दोन वाजता ते ऐकायला कुणाला सवड असते? शिवाय आलेला ताप सर्वांना हाताला लागतो, टळलेला डांग्या खोकला कुणालाच दिसत नाही.

मग पुढची तारीख येते. कुणी "नको" म्हणत नाही. "सर्दी झालीय, बरी होऊ दे", "घरात पाहुणे आहेत, रात्रभर रडली तर?", "परवा प्रवास आहे, आल्यावर बघू." यातले प्रत्येक कारण त्या दिवशी रास्तच वाटते. साधी सर्दी, किंचित कणकण किंवा थोडे जुलाब असतानाही लस देता येते, हे घराला माहीत नसते. आणि खेदाची गोष्ट अशी की काही ठिकाणी लस देणारी माणसेही नाक वाहणाऱ्या बाळाला परत पाठवतात. एकदा तारीख हुकली की दुसऱ्यांदा हुकणे सोपे होते, कारण आता तिथे जाऊन "इतके दिवस कुठे होता?" या प्रश्नालाही तोंड द्यायचे असते.

मूल कितवे आहे, यानेही फरक पडतो. पहिल्या बाळाचा प्रत्येक डोस हा घरातला प्रसंग असतो, बाबा सुटी काढून येतात, फोटो निघतात. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी आईच्या एका हाताला मोठे मूल असते, दुसऱ्याची शाळा सुटायची वेळ झालेली असते आणि घरी आजारी माणूस असते. दोन मुलांत अंतर कमी असेल तर ओढाताण आणखी वाढते. मुलांच्या क्रमाबरोबर पूर्ण लसीकरणाचे प्रमाण घटते, हे अनेक देशांच्या पाहण्यांतून दिसते. यात माया कमी पडलेली मला कधी दिसली नाही. कमी पडतात हात.

चौदावा आठवडा ते नववा महिना हा टप्पा फार फसवा असतो. तोवर दर चार आठवड्यांनी यायची लय बसलेली असते, आणि ती बसते न बसते तोच साडेपाच महिन्यांचा खंड पडतो. या काळात घराची घडीच बदलते. आईची रजा संपते, ती कामावर रुजू होते, बाळ आजीकडे किंवा पाळणाघरात राहू लागते, काही कुटुंबे कामाच्या मागे दुसऱ्या गावी जातात. सुरुवातीच्या भेटींना बाळाजवळ आई होती. नवव्या महिन्यात दिवसभर बाळ सांभाळणाऱ्याला कार्ड कोणत्या कपाटात आहे हेही ठाऊक नसते. दीड वर्षाच्या आसपासचा गोवराचा दुसरा डोस तर याहून विसरला जातो. मूल धावू-बोलू लागलेले असते आणि लस ही तान्ह्या बाळाची गोष्ट, असे घराने मनाशी ठरवून टाकलेले असते. रोजावर काम करणाऱ्यांना सत्राचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस. लस मोफत असली तरी तो दिवस मोफत नसतो, हे धोरण आखणाऱ्यांनी कायम समोर ठेवायला हवे.

बाबांविषयी थोडेसे. सत्राला येणारे बाबा अजून कमीच असतात, पण जे येतात त्यांच्या घरी पुढची तारीख दोन डोक्यांत राहते आणि रात्रीच्या तापाच्या वेळी आईच्या बाजूने बोलणारा एक माणूस तयार होतो. पुढे कार्ड उघडल्यावर त्याचा परिणाम मला सहसा दिसतो. काही गोष्टी मात्र कार्डावर कधीच उमटत नाहीत. बाळंतपणानंतर खोल उदासीत गेलेली आई किंवा घरात मारहाण सोसणारी आई तारीख पाळू शकत नाही. अशा घरांत मुलांचे लसीकरण मागे पडते, हे काही देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. तिथे लसीचे महत्त्व सांगण्याआधी आईची विचारपूस व्हायला हवी.

अफवांचा मुद्दा मी थोडक्यात आटोपते. १२ मुलांवरच्या निरीक्षणांवरून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) जोडणारा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने १९९८ साली छापला आणि २०१० साली मागे घेतला. त्याने केलेले नुकसान अजून भरून निघालेले नाही. कुटुंबाच्या गटात फिरणारा एखादा व्हिडिओ आजही एखाद्या घराला मागे खेचतो. मात्र तो रुजतो कुठे, हे पाहिले तर बहुधा तापाची रात्र आणि अनुत्तरित प्रश्न यांनी आधीच भिजलेली जमीन दिसते.

इच्छा असूनही घर अडते, याचा मला माहीत असलेला सर्वांत बोलका पुरावा राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातील खेड्यांत झालेल्या एका प्रयोगाचा आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध केले. नेहमीची व्यवस्था असलेल्या गावांत पूर्ण लसीकरण झालेली मुले ६ टक्के होती. जिथे दर महिन्याला ठरल्या दिवशी न चुकता शिबिर भरले, तिथे १८ टक्के. आणि जिथे शिबिराच्या जोडीला पालकांना छोटीशी भेटवस्तूही दिली गेली, तिथे ३९ टक्के. ज्याचा लसीला मनापासून विरोध आहे, तो छोट्या भेटीसाठी आपले मूल पुढे करणार नाही. या कुटुंबांचा तसा विरोध नव्हता. आज की पुढच्या महिन्यात, एवढाच प्रश्न होता, आणि आजच निघायला एक निमित्त पुरले. अर्थात भेटवस्तू देऊनही निम्म्याहून अधिक मुलांचे लसीकरण अपुरेच राहिले, हेही त्याच आकड्यांत आहे. निमित्त संपते तिथून पुढे घर लागते.

जपानमध्ये १९४८ पासून गरोदर बाईला माता-बाल आरोग्य पुस्तिका दिली जाते. गरोदरपणातील तपासण्या, बाळाची वाढ आणि लसी यांची नोंद त्या एकाच पुस्तिकेत राहते आणि ती घरातच जपली जाते. ही कल्पना पुढे अनेक देशांनी उचलली. ज्या घरात कार्ड जपलेले असते, तिथे लसीकरण पूर्ण होण्याची शक्यता अधिक असते, असे पाहण्या सांगतात. आता मोबाइलवर संदेशही येतात आणि त्यांचा उपयोग होतो, पण तो कुणाच्या मोबाइलवर येतो हे पाहावे लागते. पुष्कळ नोंदींत क्रमांक वडिलांचा असतो. संदेश त्यांना मिळतो आणि आईपर्यंत पोहोचत नाही. म्हणून मी आता दोन क्रमांक लिहून घेते आणि पुढच्या तारखेला बाळाला कोण आणणार, त्या माणसाचे नाव आईला विचारते. "मीच" असे उत्तर आले, तर "तुम्हाला जमले नाही, तर कोण?" हेही विचारते. बऱ्याच आया यावर गप्प होतात. काही जणी मात्र नणंदेचे, शेजारणीचे, धाकट्या दिराचे नाव सांगतात; ते नाव मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवते आणि शक्य असेल तर त्या माणसाला त्याच दिवशी फोन करून तापाचे काय करायचे ते सांगते.

उशिरा आलेल्या आईला टेबलाशी रागे भरण्याची पद्धत तर बंदच व्हायला हवी, असे मला फार तळमळीने वाटते. उशीर झालेला असूनही ती आली आहे. घरातल्या कुणाला तरी पटवून, कुणावर तरी मोठे मूल सोपवून, आपल्याला बोलणी बसणार हे गृहीत धरून ती आली आहे. त्या क्षणी तिचा पाणउतारा झाला, तर पुढचे रकाने कोरे राहण्याला आम्हीच कारण होऊ.

ज्यांच्या घरी असे अर्धवट कार्ड पडून आहे, त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. मध्ये कितीही खंड पडला असला तरी आधी घेतलेले डोस सहसा वाया जात नाहीत. मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिली तिथून पुढे चालू करता येते. काही लसींना वयाची मर्यादा असते, म्हणून मुलाच्या वयाप्रमाणे काय घ्यायचे आणि काय वगळायचे, हे लसीकरण केंद्रावरचे लोक ठरवतील. कार्ड हरवले असेल तर केंद्रावरच्या नोंदवहीत पाहता येते, आणि तिथेही नोंद सापडली नाही तर बहुतेक लसी पुन्हा देणे सुरक्षित असते. जाताना घरातल्या आणखी एका माणसाला सोबत न्यावे, आणि सिस्टर तापाविषयी सांगतील तेव्हा ते त्यालाही ऐकू द्यावे.